अमेरिकेतल्या मीडिया कॉलेजांचा ‘स्प्रिंग’ हंगाम : बक्षिसं, बातम्या आणि घरून येणारे प्रश्न

एप्रिल उजाडला की माझ्या फोनवर एकाच जातीचे फॉरवर्ड यायला लागतात. कुणाचा भाचा मिसुरीत, कुणाची सून अ‍ॅरिझोनात, कुणाच्या मुलीचा अर्ज जॉर्जियाला गेलेला. कॉलेजनं ‘स्प्रिंग’च्या बातम्यांचं पत्रक पाठवलेलं असतं, त्यात आठ-दहा बक्षिसांची नावं, हसऱ्या मुलांचे फोटो आणि खाली प्रश्न : “ताई, हे म्हणजे नक्की काय गं?” मी अशाच एका कॉलेजात मास्टर्स केलं, परत आले आणि आता पुण्यात पत्रकारितेच्या मुलांना बातमी लिहायला शिकवते. तीच तीच उत्तरं टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवलंय.

जानेवारीत गुडघाभर बर्फ असतो म्हणे. मग ‘स्प्रिंग’ कसलं?

नावापुरतं. आपल्याकडचं दुसरं सत्र ते त्यांचं स्प्रिंग सेमिस्टर. जानेवारीचा तिसरा सोमवार मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावानं सुट्टीचा असतो, त्याच्या आगेमागे वर्ग सुरू होतात आणि मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परीक्षा आटोपतात. म्हणजे निम्मा ‘वसंत’ जाड कोट आणि कानटोपीत जातो. मार्चमध्ये आठवडाभर सुट्टी मिळते तेवढीच.

अपवाद आहेत. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात वर्षाचे क्वार्टर पाडलेले असतात. तिथलं स्प्रिंग मार्चअखेर सुरू होऊन जूनपर्यंत चालतं, त्यामुळे तिथल्या मेडिल या पत्रकारिता स्कूलच्या मुलांचं पदवीदानही जूनमध्ये. आईवडिलांची तिकिटं काढण्याआधी हे एकदा विचारून घ्या. मे धरून तिकीट काढलं आणि मुलगी अजून वर्गातच, असं झालेलं घर मला माहीत आहे.

सगळी बक्षिसं नेमकी याच दिवसांत कशी जाहीर होतात?

बहुतेक स्पर्धा सरलेल्या वर्षात छापून किंवा प्रसारित झालेलं काम मागवतात. जानेवारी-फेब्रुवारीत प्रवेशिका जातात, परीक्षक बसतात आणि निकाल वसंतात लागतो. लाँग आयलंड विद्यापीठाचे पत्रकारितेचे जॉर्ज पोक पुरस्कार फेब्रुवारीत, ब्रॉडकास्ट एज्युकेशन असोसिएशनचा मेळावा एप्रिलमध्ये लास वेगासला, त्याच सुमारास पीबॉडी आणि मग पुलित्झर. प्राध्यापकांच्या बढत्या, निवृत्तीचे निरोप, विद्यार्थ्यांचे सत्कार-समारंभ हेही सत्र संपताना उरकतात.

दुसरं कारण जरा आतलं आहे. पदवीला प्रवेश मिळालेल्या मुलांनी कुठलं कॉलेज घ्यायचं ते परंपरेनं १ मेपर्यंत सांगायचं असतं. आर्थिक मदतीसह मास्टर्स किंवा पीएचडीचा प्रवेश मिळाला असेल, तर बऱ्याच विद्यापीठांत ती तारीख १५ एप्रिल असते. आता कॉलेजच्या जागी स्वतःला ठेवा. तीन-चार ठिकाणचे प्रवेश हातात घेऊन मुलं कुंपणावर बसलेली असताना तुमची मोत्यांची माळ तुम्ही कपाटात ठेवाल का? म्हणून एप्रिलमध्ये पत्रकं जास्त येतात आणि त्यांचा आवाजही जरा चढा असतो. ते खोटं बोलतात असं नाही. पण दुकान उघडण्याची वेळ त्यांना बरोबर कळते.

‘कोलंबिया’त प्रवेश मिळाला म्हणून घरात पेढे आले. पण मुलगा म्हणतो गाव छोटं आहे. कोलंबिया तर न्यूयॉर्कमध्ये ना?

हा प्रश्न दर वर्षी किमान दोनदा येतो आणि चूक कुणाचीच नसते. पत्रकारितेच्या जगात कोलंबिया चार आहेत. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, तिथलं जर्नलिझम स्कूल १९१२ चं. मिसुरी राज्यातलं कोलंबिया हे गाव, तिथे मिसुरी विद्यापीठाचं स्कूल ऑफ जर्नलिझम. साउथ कॅरोलायना राज्याची राजधानीही कोलंबियाच, आणि त्या राज्याच्या विद्यापीठातही पत्रकारिता शिकवतात. शिवाय शिकागोत कोलंबिया कॉलेज आहे.

मुलगा मिसुरीच्या कोलंबियात असेल तर पेढे मुळीच परत घेऊ नका. पत्रकारितेचं वेगळं असं जगातलं पहिलं स्कूल ते, वॉल्टर विल्यम्स यांनी १९०८ साली काढलेलं. १४ सप्टेंबर १९०८ ला वर्ग भरले आणि त्याच दिवशी मुलांनी काढलेल्या दैनिकाचा पहिला अंक निघाला. आधी शिका, मग अंक काढा, हा क्रम त्यांनी पहिल्याच दिवशी मोडला. ते दैनिक आज ‘कोलंबिया मिसुरियन’ या नावानं चालतं आणि गावासाठी चालतं. नगरपालिकेच्या सभा, शाळा मंडळाचं बजेट, खड्डे, सगळं त्यात. विद्यापीठाच्या मालकीचं केओएमयू हे टीव्ही केंद्र एनबीसीच्या जाळ्यात आहे आणि तिथे बातम्यांना विद्यार्थी धावतात. हाताला काम लावून शिकवण्याच्या या रीतीला ते ‘मिसुरी मेथड’ म्हणतात. आमच्याकडे याला सुताराच्या पोराचं शिक्षण म्हटलं असतं.

पत्रकात लिहिलंय, ‘हर्स्टमध्ये तिसरा क्रमांक’. हे किती मोठं?

मोठं आहे. पण नीट वाचा, कुणाचा क्रमांक?

हर्स्ट पारितोषिकं विल्यम रँडॉल्फ हर्स्ट फाउंडेशन १९६० पासून देतं. त्यांना लाडानं ‘कॉलेजचं पुलित्झर’ म्हणतात. भाग घेता येतो तो मान्यताप्राप्त पत्रकारिता कॉलेजांना, आणि ती साधारण शंभराच्या घरात आहेत. लेखन, छायाचित्रण, ऑडिओ, टीव्ही, मल्टिमीडिया अशा विभागांच्या फेऱ्या वर्षभर चालू असतात. काम आधी कुठेतरी छापून किंवा प्रसारित झालेलं असावं लागतं. वर्गात सरांना दाखवून फाइलला लावलेला निबंध तिथे चालत नाही. प्रत्येक कॉलेजला मोजक्याच प्रवेशिका पाठवता येतात, त्यामुळे पहिली गाळणी कॉलेजातच लागते. वरच्या क्रमांकांना शिष्यवृत्ती मिळते आणि तेवढीच रक्कम कॉलेजच्या खात्यात पडते. पत्रकात हर्स्टची बातमी सगळ्यात वर का, हे आता कळलं असेल.

फेऱ्यांमधले अव्वल विद्यार्थी शेवटी सॅन फ्रान्सिस्कोला जमतात. तिथे जुनं काम बाजूला ठेवून जागच्या जागी विषय दिला जातो : अनोळखी शहर, थोडा वेळ, बातमी आणा. मला ही स्पर्धा आवडते ती या शेवटच्या फेरीमुळे. पाच महिने घासूनपुसून केलेला लेख आणि दोन दिवसांत उभा केलेला लेख यांतलं अंतर तिथे उघडं पडतं.

आता क्रमांकाकडे. ‘हर्स्टमध्ये तिसरं’ याचे दोन अर्थ होतात. एखाद्या मुलीचा लेख एका फेरीत तिसरा आला, किंवा वर्षभराचे गुण मिळवून कॉलेज एखाद्या विभागात तिसरं आलं. पहिला मान तिचा, दुसरा सगळ्यांचा थोडा थोडा.

आणि आपल्या मुलांसाठी महत्त्वाचं : ही स्पर्धा पदवीच्या विद्यार्थ्यांची आहे. भारतातून जाणारी बरीच मुलं मास्टर्सला जातात. त्यांचं नाव हर्स्टच्या यादीत दिसलं नाही म्हणून “आमचा मागे पडला का” असं विचारू नका. तो मैदानात नव्हताच.

पुलित्झर विद्यार्थ्यांना मिळतो का? आमच्या भावोजींनी ‘पुलित्झरवालं कॉलेज’ म्हणून गावभर सांगून ठेवलंय.

विद्यार्थ्यांसाठी पुलित्झरचा वेगळा विभाग नाही. जोसेफ पुलित्झर १९११ साली गेले. त्यांनी ठेवलेल्या पैशातून कोलंबिया विद्यापीठात जर्नलिझम स्कूल उभं राहिलं आणि १९१७ पासून पारितोषिकंही सुरू झाली. आजही ती तिथूनच जाहीर होतात. त्यामुळे कॉलेज आणि पुरस्कार एकाच वाड्यात राहतात, पण चूल वेगळी. निकाल पुलित्झर मंडळ देतं, प्राध्यापकांची सभा नव्हे. बहुतेक विभागांत रोख १५ हजार डॉलर असतात. लोकसेवेच्या विभागात मात्र सुवर्णपदक, आणि तेही वृत्तसंस्थेला.

तरी स्प्रिंगच्या पत्रकांत पुलित्झर दिसतो, कारण कॉलेजं आपल्या माजी विद्यार्थ्यांना हक्कानं जवळ ओढतात. तसं आपणही ओढतोच. २०२२ मध्ये भारतातल्या कोविडच्या छायाचित्रांसाठी रॉयटर्सच्या अदनान अबिदी, सना इर्शाद मट्टू, अमित दवे आणि दिवंगत दानिश सिद्दीकी यांना फीचर छायाचित्रणाचा पुलित्झर मिळाला. दानिश शिकले होते दिल्लीच्या जामियाच्या मास कम्युनिकेशन रिसर्च सेंटरमध्ये, आणि त्या संस्थेला त्यांचा अभिमान वाटतो त्यात नवल ते काय.

मे २०२४ मध्ये एक वेगळी गोष्ट घडली. एप्रिलअखेर कोलंबियाच्या आवारात पॅलेस्टाइनच्या बाजूनं आंदोलनं चालू होती, पोलीस आत आले, आणि रात्रभर खबरा देत राहिले ते तिथले विद्यार्थीच, वर्तमानपत्रातले आणि विद्यापीठाच्या रेडिओवरचे. पुलित्झर मंडळानं निकाल जाहीर करण्याआधी खास निवेदन काढून देशभरातल्या विद्यार्थी पत्रकारांची दखल घेतली. ना पदक, ना पैसे. त्या वर्षी कॉलेजांच्या पत्रकांत एवढी वजनदार दुसरी ओळ मला दिसली नाही.

जाता जाता एक. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पोचले तेव्हा हे जर्नलिझम स्कूल जेमतेम वर्षाचं होतं. ते तिथे अर्थशास्त्र शिकले, पत्रकारिता नाही. पण ३१ जानेवारी १९२० ला त्यांनी ‘मूकनायक’ काढलं. त्या आवारानं मराठीला दिलेला सगळ्यात मोठा संपादक जर्नलिझम स्कूलच्या पटावर नव्हता, हे मी वर्गात दर वर्षी सांगते आणि माझ्याच पोटावर पाय येतो का ते बघते.

पीबॉडी म्हणजे?

रेडिओ, टीव्ही आणि आता पॉडकास्ट, डिजिटल कामासाठीचा पुरस्कार. १९४० मध्ये स्थापना, १९४१ मध्ये पहिले पुरस्कार, आणि घर जॉर्जिया विद्यापीठाच्या ग्रेडी या पत्रकारिता कॉलेजात. परीक्षकांचं एकमत झालं तरच पुरस्कार, हे त्याचं वैशिष्ट्य. एकमत कसं होत असेल याचं मला अजून कुतूहल आहे, आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीच्या रंगावर होत नाही. ग्रेडीच्या विद्यार्थ्याला पीबॉडी ‘मिळत’ नाही, पण तो सगळा खटाटोप त्याच्या डोळ्यांसमोर चालतो.

‘डीन्स लिस्ट’मध्ये नाव आलंय. हे बक्षीस धरायचं का?

ठरावीक गुणांच्या वर सत्र काढलेल्या सगळ्यांची ती यादी असते. चांगलीच गोष्ट, पण आपल्याकडच्या ‘डिस्टिंक्शन’सारखी. ‘कप्पा टाउ अल्फा’ लिहिलं असेल तर थोडं जास्त कौतुक करा. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांची ती मानाची संघटना, १९१० साली मिसुरीत सुरू झालेली, आणि वर्गातल्या वरच्या १० टक्क्यांनाच बोलावणं येतं.

भाची जाहिरात शिकते. तिच्यासाठी असं काही असतं का?

असतं, आणि माझ्या मते तिची परीक्षा जास्त कडक. अमेरिकन अ‍ॅडव्हर्टायझिंग फेडरेशनची राष्ट्रीय विद्यार्थी स्पर्धा १९७३ पासून चालते. दर वर्षी एखादी खरी कंपनी आपली खरी अडचण घेऊन येते, सगळ्या कॉलेजांना एकच अडचण. मुलं महिनोन्‌महिने बाजारपेठ चाळतात, पूर्ण मोहिमेचं पुस्तक करतात आणि वसंतात जिल्हा पातळीवर परीक्षकांसमोर उभी राहतात. तिथून पुढे सरकली तर जूनमध्ये राष्ट्रीय फेरी. जनसंपर्क शिकणाऱ्यांची बेटमन स्पर्धाही १९७३ पासूनचीच. चार-पाच जणांची टोळी, आणि मोहीम नुसती कागदावर नाही तर गावात प्रत्यक्ष राबवून दाखवायची.

या स्पर्धांची बातमी गटाची असते. भाचीला विचारा, “तू त्यात काय केलंस?” ती डोळे चमकवत वीस मिनिटं बोलली तर काम तिचं. “आम्ही सगळ्यांनीच केलं” म्हणाली तर विषय बदला.

‘फायनलिस्ट’ आणि ‘ऑनरेबल मेन्शन’ यात फरक काय?

इथे मी स्वतः तोंडघशी पडलेय. माझं मास्टर्स चालू असताना कॉलेजनं एका प्रादेशिक स्पर्धेला आमचा ऑडिओ वृत्तांत पाठवला होता. एक दिवस विभागातून पत्र आलं, त्यात माझं नाव आणि ‘फायनलिस्ट’. मी घरी फोन केला. आईनं शेजारी, मामा, शाळेतल्या बाई, सगळ्यांना कळवलं. मामांनी तर गावातल्या साप्ताहिकाला बातमी दिली : ‘अमेरिकेत प्रथम’. मग निकाल नीट उघडून पाहिला. त्या विभागात एक विजेता आणि दोन फायनलिस्ट होते, आणि एकूण प्रवेशिका होत्या तीन.

खोटं कुणी बोललं नव्हतं. तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारते : कितींमधून? पत्रकात तो आकडा असेल तर कॉलेज प्रामाणिक. नसेल तर स्पर्धेच्या निकालात शोधा. ‘ऑनरेबल मेन्शन’ म्हणजे आपलं उत्तेजनार्थ. हजार प्रवेशिकांमधलं उत्तेजनार्थ तिघांमधल्या दुसऱ्या क्रमांकापेक्षा कितीतरी जड असतं. मामांना ते अजून पटलेलं नाही, कात्रण त्यांच्या पाकिटात आहे.

मग पत्रकावरून कॉलेज चांगलं की नाही, हे ओळखायचं कसं?

बक्षिसांची नावं बोटानं झाका आणि खाली उरतं ते वाचा. कुठल्या विद्यार्थ्यानं काय छापलं, कुठे, कुणासाठी? दुवा दिला असेल तर उघडा आणि ते काम पूर्ण वाचा. एखाद्या मुलीनं तालुक्याएवढ्या काउंटीतल्या तुरुंगातल्या उष्माघाताचा माग काढला असेल, सरकारी कागद मिळवले असतील, तर त्या कॉलेजात कुणीतरी तिच्या पाठीशी बसलं होतं हे कळतं. अ‍ॅरिझोना स्टेटच्या वॉल्टर क्रॉन्काइट स्कूलमधून ‘न्यूज २१’ नावाचा उपक्रम चालतो. वेगवेगळ्या विद्यापीठांतली निवडक मुलं स्प्रिंगमध्ये एका विषयाचा वर्ग करतात, आणि उन्हाळ्यात त्याच विषयावर देशभर फिरून शोध घेतात. अशा कामाची एक ओळ मला वीस ढालींपेक्षा जास्त सांगते. उलट पत्रकात नुसतेच हात मिळवतानाचे फोटो असतील आणि कुठल्याही कामाचा दुवा नसेल, तर माझ्या मनात पाल चुकचुकते.

मान्यतेचंही पाहा. तिथे आपल्या नॅकसारखी पत्रकारिता शिक्षणाची एक परिषद आहे, दर सहा वर्षांनी तपासणीला येते. प्रात्यक्षिकाच्या वर्गात एका शिक्षकामागे २० हून जास्त विद्यार्थी नसावेत असा तिचा दंडक आहे. किती मुलं शेवटपर्यंत टिकतात आणि किती पदवी घेऊन बाहेर पडतात, हे आकडेही मान्यताप्राप्त कॉलेजांना जाहीर करावे लागतात. ते नक्की शोधा, पत्रकात ते कधीच नसतात. पण मान्यता नाही म्हणजे कॉलेज टाकाऊ असंही नाही. मेडिलसारख्या नावाजलेल्या स्कूलनं २०१७ मध्ये स्वतःहून तिचं नूतनीकरण केलं नाही.

वीस मुलांचा वर्ग म्हणजे काय, ते मला पहिल्याच महिन्यात कळलं. नगरपालिकेच्या सभेची बातमी होती. रात्री अकरा वाजता सभा संपली, मी वाचनालयात बसून बाराला बातमी पाठवली, स्वतःवर खूश होऊन झोपले. दुसऱ्या दिवशी कागद हातात आला. शंभरपैकी पन्नास गुण. भाषेला एकही लाल खूण नव्हती. एका ठिकाणी मात्र पेन्सिलचं वर्तुळ : रस्त्याचं नाव बरोबर, पण तो ‘स्ट्रीट’ नसून ‘अ‍ॅव्हेन्यू’ होता. वस्तुस्थितीची एक चूक, अर्धे गुण साफ. बाई म्हणाल्या, “ज्याचं घर त्या रस्त्यावर आहे, तो तुझं पुढचं वाक्य वाचणार नाही.” मला राग आला होता. आता मी पुण्यात तेच करते, ‘मार्ग’ आणि ‘पथ’ यांच्यावरून.

मुलांच्या वर्तमानपत्रानं विद्यापीठालाच धारेवर धरलं, असं ऐकलं. ते पत्रकात का नाही?

कारण पत्रक विद्यापीठाच्या पैशानं निघतं. तिथली अनेक विद्यार्थी वर्तमानपत्रं आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र असतात. ‘स्टॅनफर्ड डेली’ १९७३ पासून तशी आहे. तिथे पहिल्या वर्षाला असलेल्या थिओ बेकर या मुलानं विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या जुन्या शोधनिबंधांतल्या फेरफार केलेल्या प्रतिमांचा पाठपुरावा केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याला पोक पुरस्कार मिळाला, हा पुरस्कार मिळवणारा सगळ्यात लहान तोच. जुलैमध्ये अध्यक्षांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. स्प्रिंगच्या पत्रकाबरोबर त्या गावातलं विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्रही आठवडाभर वाचा. एकाच घराच्या पुढच्या आणि मागच्या दारातून आत गेल्यासारखं वाटेल.

हे सगळं तिकडचं. आपल्याकडे असं काही नाही का?

आहे की. आणि धागे जुने आहेत. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५२ च्या सुमाराला पत्रकारितेचा विभाग उभा राहिला, त्यात सिराक्यूज विद्यापीठाचे रोलंड वुल्स्ले यांचा हात होता. ते फुलब्राइट या अमेरिकी शिष्यवृत्तीवर प्राध्यापक म्हणून नागपूरला आले होते. त्यांच्याच सिराक्यूजमध्ये पुढे न्यूहाउस या पत्रकारिता स्कूलची इमारत झाली, वास्तुकार आय. एम. पेई यांनी आखलेली. ५ ऑगस्ट १९६४ ला तिच्या उद्घाटनात अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी व्हिएतनामजवळच्या टाँकिनच्या आखातातल्या चकमकीवरचं भाषण केलं, आणि व्हिएतनामचं युद्ध तिथून भडकत गेलं. योगायोग असा की त्याच १९६४ साली पुणे विद्यापीठाचा पत्रकारितेचा विभाग सुरू झाला, फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये. आम्ही त्याला नुसतं ‘रानडे’ म्हणतो. उद्घाटनाला युद्ध नव्हतं, चहा असावा.

वसंतातली बातमी हवी असेल तर प्रभात रस्त्याच्या टोकाला चला. मे २०२४ मध्ये कान महोत्सवात विद्यार्थी चित्रपटांच्या विभागात पहिला क्रमांक फिल्म इन्स्टिट्यूटच्या चिदानंद नाईक यांच्या कन्नड लघुपटाला मिळाला. ते मूळचे डॉक्टर. टीव्ही विभागाच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमात, चार दिवसांच्या चित्रीकरणात ते काम उभं राहिलं. २०२० मध्येही त्याच विभागातला पहिला क्रमांक याच संस्थेच्या अश्मिता गुहा नियोगी यांचा होता. जगभरच्या फिल्म स्कूलांमधून हे निवडलं जातं. म्हणजे ‘कितींमधून’ या माझ्या प्रश्नाला इथे सणसणीत उत्तर आहे. आपल्याकडे उणीव पत्रकांची आहे. काम होतं, आणि सूचनाफलकावर एक चुरगळलेला कागद लागतो.

बक्षीस मिळालं म्हणजे तिथे नोकरी पक्की?

नाही. बक्षिसामुळे संपादक तुमचा मेल उघडतो, एवढं नक्की. पण आपल्या मुलांचं खरं घड्याळ व्हिसाचं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्यांना पदवीनंतर ओपीटी, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करण्याच्या परवानगीखाली, साधारण १२ महिने काम करता येतं. विज्ञान-तंत्रज्ञानात मोडणाऱ्या अभ्यासक्रमांना वर २४ महिने वाढवून मिळतात, आणि नेहमीची पत्रकारिता त्यात बसत नाही. डिजिटल मीडियाचे काही अभ्यासक्रम बसतात. ते कॉलेजच्या गोड शब्दांवरून ठरत नाही, व्हिसासाठी कॉलेज देतं त्या आय-ट्वेंटी फॉर्मवर छापलेल्या सहा आकडी कोडवरून ठरतं. प्रवेश घेण्याआधी तो कोड लेखी विचारा. अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ओपीटीचा अर्ज करता येतो, म्हणजे मेमध्ये पदवी असेल तर फेब्रुवारीत. नेमके तेव्हाच स्पर्धांच्या प्रवेशिकांचे दिवस असतात आणि मुलं अर्ज विसरतात. नियम बदलत असतात, तेव्हा काकाच्या मित्राचं न ऐकता विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात जाऊन बसा.

पदवीदानाला जातोय. काय बघायचं?

दोन समारंभ असतात. एक अख्ख्या विद्यापीठाचा, स्टेडियममध्ये. तिथे मुंगीएवढी दिसणारी आपली मुलगी शोधण्यात वेळ जातो. दुसरा कॉलेजचा, लहान, आणि तिकीट काढून जायचं तर यासाठीच. तिथे एकेकाचं नाव पुकारतात. मास्टर्सवाल्यांच्या पाठीवर हूड, म्हणजे गळ्यातून मागे सोडलेला पट्टा, असतो, त्याच्या कडेच्या मखमलीचा रंग विषयाप्रमाणे बदलतो. पत्रकारितेचा किरमिजी. गर्दीत तो रंग हेरा.

नावाचं मात्र आधी बघा. मंचावर जाण्यापूर्वी विद्यार्थ्याच्या हातात एक कार्ड देतात, त्यावर आपलं नाव कसं उच्चारायचं ते रोमन अक्षरांत फोड करून लिहायचं असतं. बरीच मुलं आळस करतात. माझ्यापुढे रांगेत एक काळे नावाचा मुलगा होता, साताऱ्याचा. त्यानं कार्ड कोरं दिलं. निवेदकानं मोठ्या प्रेमानं, स्पष्ट आवाजात त्याला ‘मिस्टर केल’ म्हणून पुकारलं, म्हणजे ती सॅलडमधली पालेभाजी. त्याचे आईवडील चौथ्या रांगेत बसून अजून मुलाचं नाव यायची वाट पाहत होते.